दुसऱ्याचा पगार आणि आपला दिनार : महत्त्वाकांक्षा, तुलना आणि ख्रिस्ती विचार



सौदीत दोन मराठी कुटुंबे पहिल्यांदा भेटली की बोलणे कसे पुढे सरकते ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. गाव कुठले, हे झाले की कंपनी कुठली. मग कॉन्ट्रॅक्ट सिंगल स्टेटसचे की फॅमिली स्टेटसचे. राहायला कंपाउंड की बाहेर फ्लॅट. मुलांची फी कंपनी देते की आपणच भरायची. विमानाचे तिकीट दरवर्षी की दोन वर्षांतून एकदा. पुण्यात घेतला की ठाण्यात. पगाराचा आकडा कोणी विचारत नाही, कारण तोवर विचारायची गरजच उरलेली नसते. पाच मिनिटांत दोन्ही बाजूंची बेरीज झालेली असते.

ही चौकशी वाईट हेतूने होते असे नाही. परक्या मुलुखात माहिती अशीच मिळते. कुठे पगार वेळेवर होतो, कुठल्या शाळेत जागा आहेत, हे एकमेकांना विचारूनच कळते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. घरी परतताना गाडीत जी शांतता पसरते, तिचा. गेल्या आठवड्यापर्यंत पुरेसा वाटणारा पगार त्या शांततेत एकदम तोकडा वाटू लागतो. पगार तोच, गरजाही त्याच. फक्त शेजारचा आकडा कळलेला असतो.

इथल्या मराठी मंडळींत तऱ्हेतऱ्हेची माणसे आहेत. घरच्या घरी गणपती बसवणारी कुटुंबे आहेत, रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुस्लिम बांधव आहेत, आणि नगर-वसईकडची आमच्यासारखी ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. समाधानाची शिकवण प्रत्येकाच्या घरात आहेच. कोणाला ती तुकोबांकडून मिळाली, कोणाला कुराण-हदीसमधून. ख्रिस्ती परंपरेत या विषयावर काय सांगितले आहे, ते आम्ही इथे थोडक्यात मांडत आहोत. कोणाला उपदेश करण्याचा हेतू नाही. पण ख्रिस्ती धर्म म्हणजे दुसरा गाल पुढे करायचा, मागे राहायचे आणि महत्त्वाकांक्षा ठेवायची नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. बायबलचे म्हणणे वेगळे आहे, आणि आखातात राहणाऱ्या माणसाला ते विशेष लागू पडते असे आम्हाला वाटते.

रबराची मोजपट्टी

आधी तुलना होते कशी ते पाहू. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली याबद्दल एक सिद्धांत मांडला. आपण कितपत चांगले आहोत हे मोजायला ठरलेले माप नसेल, तेव्हा माणूस दुसऱ्याकडे पाहून स्वतःला मोजतो. तेही कोणाही दुसऱ्याकडे पाहून नव्हे, तर आपल्यासारख्याच माणसाकडे पाहून. म्हणूनच राजवाड्यात राहणाऱ्या शेखाचा हेवा आपल्याला वाटत नाही. हेवा वाटतो तो आपल्याच कॉलेजच्या, आपल्याच बॅचच्या, आपल्यापेक्षा चार मार्क कमी मिळवणाऱ्या आणि आज आपल्याहून दोन ग्रेड वर असणाऱ्या मित्राचा!

गावाकडे माणसाची ओळख अनेक गोष्टींवर ठरते. आजोबांचे नाव, घराणे, शेजार, देवळाच्या किंवा चर्चच्या कमिटीतले काम, भजनातला आवाज. आखातात यातले काहीच बरोबर येत नाही. इथे येताना दोन सुटकेस आणि एक जॉब ऑफर येते. मग माणसाचे मोल करायला उरते काय? पगार, ग्रेड आणि इकाम्यावर छापलेला हुद्दा. कुटुंबाला आणता येईल की नाही हेही बऱ्याच अंशी त्या हुद्द्यावर ठरते. त्यामुळे इथली तुलना नुसती मानापमानाची राहत नाही, ती घरापर्यंत पोहोचते. जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबित व्यक्तीमागे महिन्याला १०० रियाल शुल्क सुरू झाले आणि दरवर्षी वाढत २०२० मध्ये ते ४०० रियालवर गेले. पत्नी आणि दोन मुले धरली तर वर्षाचे १४,४०० रियाल. ज्यांची कंपनी ते भरत होती त्यांची कुटुंबे राहिली, आणि ज्यांना स्वतः भरायचे होते त्यांच्यापैकी कित्येकांनी बायकामुलांना परत पाठवले. एकाच इमारतीतल्या दोन घरांमधला फरक इतका जवळून दिसल्यावर मनात काही येऊच नये, असे म्हणणे सोपे नाही.

त्यात मोजपट्टी रबराची. रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे. रुपया घसरला की आपण काही न करता श्रीमंत झाल्यासारखे वाटते. तेवढ्यात अमेरिकेतल्या मावसभावाचे ग्रीन कार्ड येते किंवा पुण्यातल्या मित्राच्या जमिनीला भाव येतो, आणि आपण काही न गमावता गरीब झाल्यासारखे वाटते. इंजिनिअरिंगला पहिल्याच वर्षी शिकवतात की मापनाचा संदर्भबिंदू स्थिर हवा. बिंदूच हलता असेल तर वाचन कितीही काळजीपूर्वक घ्या, उत्तर चुकणारच. बायबल या विषयावर जे सांगते त्याचा गाभा हाच आहे. आपले माप शेजाऱ्यावरून घेऊ नये.

राजा शौलाची गोष्ट

दहा आज्ञांमधली शेवटची आज्ञा शेजाऱ्याच्या वस्तूंचा लोभ धरू नये अशी आहे. निर्गम या पुस्तकात तिथे एक यादीच दिली आहे. घर, पत्नी, दास, दासी, बैल, गाढव. यादीत पहिले घर आहे, हे पुण्यातल्या फ्लॅटची चर्चा ऐकताना आठवते. बैल आणि गाढव म्हणजे त्या काळची गाडी. आधीच्या आज्ञा मुख्यतः कृतींबद्दल आहेत, म्हणजे खून, चोरी, खोटी साक्ष. शेवटची आज्ञा मनात शिरते. चोरीची सुरुवात कुठे होते ते तिला ठाऊक आहे.

पण तुलनेचे सर्वांत बोलके उदाहरण शौल राजाचे आहे. शौल हा इस्राएलचा पहिला राजा. लोकांत उभा राहिला तर सगळे त्याच्या खांद्याला लागत, इतका उंच. राज्य हातात, लढाई जिंकलेली. विजयी सैन्य परत येत असताना स्त्रिया नाचत-गात सामोऱ्या आल्या आणि त्यांनी गाण्यात शौलाच्या नावावर हजार आणि तरुण दावीदाच्या नावावर दहा हजार शत्रू मांडले. बस्स. त्या दिवसापासून शौलाची नजर दावीदावरून हटली नाही. ज्या लढाईने त्याचे राज्य वाचले, तिचाच त्याला आनंद घेता आला नाही. पुढची वर्षे तो राज्य चालवण्यापेक्षा दावीदाचा पाठलाग करण्यात अधिक रमला.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की शौलाचे काहीच कमी झाले नव्हते. गाण्यात त्याचीही स्तुतीच होती. हजार हा काही लहान आकडा नाही! पण शेजारी दहा हजार आले आणि हजाराची किंमत शून्य झाली. ऑफिसमध्ये इन्क्रिमेंटची पत्रे वाटली जातात त्या दिवशी हे दर वर्षी घडते. आपल्याला आठ टक्के मिळाले म्हणून सकाळी घरी फोन केलेला असतो, आणि दुपारी कोणाला तरी बारा मिळाल्याचे कळते.

महत्त्वाकांक्षा पाप आहे का?

आता महत्त्वाकांक्षेकडे येऊ. मत्तयच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय या विषयासाठी मुद्दाम वाचावा असा आहे. त्यात एक आई येशूकडे येते. जब्दीची पत्नी, म्हणजे याकोब आणि योहान या शिष्यांची आई. ती गुडघे टेकते आणि मागणी करते की तुमच्या राज्यात माझा एक मुलगा तुमच्या उजवीकडे आणि एक डावीकडे बसावा. मुलांच्या ॲडमिशनसाठी धावपळ करणाऱ्या कोणत्याही मराठी आईबापांना ही बाई ओळखीची वाटेल. दोन हजार वर्षांत फारसे काही बदललेले नाही.

बाकीचे दहा शिष्य हे ऐकून संतापतात. त्यांना ही मागणीच अयोग्य वाटली म्हणून संतापले, की आपल्या आधी कोणी नंबर लावला म्हणून, ते ज्याने त्याने ठरवावे. येशू मात्र मोठे होण्याची इच्छाच सोडून द्या असे म्हणत नाही. तो मोठेपणाची व्याख्या बदलतो. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने इतरांचा सेवक व्हावे, असे तो सांगतो. म्हणजे वर चढायची इच्छा राहू दे, पण शिडी कोणती हे आधी पाहा. उजवी-डावीकडची खुर्ची एकालाच मिळते, दुसऱ्याला हटवल्याशिवाय ती मिळत नाही. उपयोगी पडण्याला तसली मर्यादा नाही. एकाच वेळी दहा जण उपयोगी पडू शकतात.

पंचविसाव्या अध्यायात याचीच दुसरी बाजू आहे. एक धनी परगावी जाताना तीन नोकरांकडे पैसे सोपवतो. एकाला पाच तालांत, एकाला दोन, एकाला एक. तालांत हे वजनाचे माप होते. चांदीचा एक तालांत म्हणजे मजुराची जवळजवळ वीस वर्षांची मजुरी. इंग्रजीतला ‘टॅलेंट’ हा शब्द कौशल्य या अर्थाने या दाखल्यातूनच रूढ झाला. पाचवाला पाच कमावतो, दोनवाला दोन कमावतो, तिसरा भीतीपोटी पैसे जमिनीत पुरून ठेवतो. धनी परत आल्यावर पहिल्या दोघांना जी शाबासकी देतो ती शब्दशः सारखीच आहे. दोनवाल्याला तो असे विचारत नाही की तुझे दहा का झाले नाहीत. आणि तिसऱ्यावर तो रागावतो, तो एकच मिळाला म्हणून नव्हे, त्या एकाचे काहीच केले नाही म्हणून.

थोडक्यात सांगायचे तर ख्रिस्ती विचारात आळसाला समाधान म्हणत नाहीत. मिळालेले पुरून ठेवणे हाही दोषच. कष्ट करावेत, शिकावे, सर्टिफिकेशन करावे, चांगली संधी आली तर नोकरी बदलावी. हिशेब मात्र मिळालेल्या तालांताशी जुळवायचा, शेजाऱ्याच्या थैलीशी नाही. संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हेच सांगितले आहे. प्रत्येकाने आपले काम तपासावे, म्हणजे अभिमान वाटलाच तर तो स्वतःच्या कामाचा असेल, दुसऱ्याशी ताडून पाहिलेला नसेल.

नाक्यावरचे मजूर

पुन्हा विसाव्या अध्यायाकडे जाऊ, कारण त्याची सुरुवात एका अवघड गोष्टीने होते. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो आणि उभ्या असलेल्या मजुरांना दिवसाचा एक दिनार ठरवून कामावर घेतो. नऊ वाजता आणखी काही जण घेतो, मग बाराला, तीनला, आणि शेवटी काम सुटायला तासभर उरला असताना पाचलाही. त्यांना तो विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, कोणी कामावर घेतलेच नाही. संध्याकाळी शेवटच्यांपासून मजुरी वाटली जाते. तासभर काम केलेल्यांनाही एक दिनार, आणि दिवसभर उन्हात राबलेल्यांनाही एकच दिनार.

ही गोष्ट ऐकली की आपल्यातला इंजिनिअर उसळतो. ताशी दर काढला तर हा सरळ अन्याय आहे! पहाटेपासून राबलेले मजूरही हेच म्हणतात. मालकाचे उत्तर असे की मी तुझ्यावर अन्याय केलेला नाही, जे ठरले होते ते तुला दिले. मी उदार झालो याचा तुला त्रास का व्हावा?

दोन गोष्टी इथे पाहण्यासारख्या आहेत. पहिली, मजुरी शेवटच्यांपासून वाटली गेली. पहाटेच्या मजुरांना आधी दिले असते तर ते दिनार खिशात टाकून खुशीने घरी गेले असते. ठरलेले पैसे मिळाल्याचे दुःख त्यांना झाले नाही, शेजाऱ्याच्या हातात काय पडले ते दिसल्याचे दुःख झाले. दुसरी गोष्ट त्या दिनाराची. रोमन ‘देनारिअस’ म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी, एका घराची त्या दिवसाची चूल. आपल्या शेजारी बहारीनमध्ये आणि कुवेतमध्ये चालणाऱ्या दिनाराचे नाव याच नाण्यावरून आले आहे. पाच वाजता काम मिळालेल्या माणसाच्या घरीही तितकीच तोंडे होती. आणि दिवसभर नाक्यावर उभे राहणे ही काही विश्रांती नव्हे. सौदीच्या शहरांत नाक्यावर कामाची वाट पाहत उभे राहिलेले मजूर ज्यांनी पाहिले आहेत, किंवा नोकरी सुटल्यावर नव्या स्पॉन्सरची वाट पाहत ज्यांनी महिने काढले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मग अन्यायाबद्दल बोलायचेच नाही?

इथे एक रास्त शंका येते. एकाच कामाला पासपोर्ट पाहून वेगवेगळा पगार, ही आखातातली जुनी तक्रार आहे. शेजारच्या टेबलावरचा माणूस तेच काम करतो आणि जास्त घेतो, हे बोलून दाखवणे म्हणजे हेवा का? “समाधानी राहा” हे वाक्य मालकांच्या फारच सोयीचे नाही का?

शंका योग्य आहे, आणि बायबल तिला बगल देत नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी असा जुन्या करारात स्पष्ट नियम आहे. नव्या करारात याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरीच मालकाविरुद्ध ओरडते असे लिहिले आहे. कामगाराचा घाम वाळण्यापूर्वी त्याला मजुरी द्यावी, ही हदीसमधली शिकवण इथे सर्वांना ठाऊक आहे. या बाबतीत दोन्ही परंपरा एकाच बाजूला उभ्या आहेत. सौदीत २०१३ पासून टप्प्याटप्प्याने पगार-संरक्षण पद्धत लागू झाली, पगार बँकेतून देणे आणि त्याची नोंद सरकारकडे जाणे सुरू झाले. मार्च २०२१ पासून ठरावीक अटींवर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येऊ लागली. माणसांनी हक्काचे मागितले नाही तर असे बदल होत नाहीत.

म्हणून हेवा आणि न्याय यांत फरक करायला हवा. आम्हाला एक सोपी कसोटी उपयोगी वाटते. स्वतःला विचारावे : माझी अडचण दूर व्हावी असे मला वाटते, की त्याची सोय काढून घेतली जावी असे वाटते? माझी थकबाकी मिळावी, सारख्या कामाला सारखा दाम मिळावा, ही न्यायाची मागणी. त्याचे प्रमोशन हुकले तर आतून गुदगुल्या होत असतील, तर तो हेवा. न्याय मिळाला की मन थांबते. हेवा थांबत नाही, त्याला उद्या दुसरा माणूस सापडतो. बरणीतल्या खेकड्यांची आपली ती मराठी गोष्ट प्रसिद्ध आहेच. वर चढणाऱ्याचा पाय ओढणाऱ्या खेकड्यालाही बाहेर पडता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातली उदाहरणे

हे सगळे दूरदेशीचे, जुन्या काळचे वाटत असेल तर जवळची उदाहरणे घेऊ.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव शाळेत आपण सर्वांनी ऐकले आहे. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातला. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन झाले. टिळक तेव्हा नाव झालेले, पंचेचाळिशीतले कवी होते. तिथे सतरा वर्षांच्या एका मुलाने कविता म्हटली आणि सभा जिंकली. त्र्यंबक बापूजी ठोमरे. त्याच संमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली.

शौलाची गोष्ट इथे सहज घडू शकली असती. वयाने निम्म्याहून लहान पोरगा आपल्याच क्षेत्रात टाळ्या घेऊन जातो, हा अनुभव कोणत्याही कलावंताला, आणि आमच्या आयटीतल्या कोणत्याही सीनिअरला, झोंबणारा असतो. टिळकांनी काय केले? या मुलाला आपल्या घरी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आणले. तो त्यांच्या घरात घरच्यासारखा राहिला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये ठोमरे भेटतात ते घरातल्या मुलासारखेच. बालकवी १९१८ मध्ये रेल्वे अपघातात अकाली गेले. आज अनेक वाचकांना टिळकांपेक्षा बालकवींच्या कविता जास्त आठवतात. त्याने टिळक लहान झाले असे कोणी म्हणत नाही.

टिळकांना महत्त्वाकांक्षा नव्हती असे मुळीच नाही. येशूचे संपूर्ण चरित्र मराठी काव्यात आणण्यासाठी त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून नवे काम सुरू केले. लोक ज्या वयात ग्रॅच्युइटीचा हिशेब करतात त्या वयात! १९१९ मध्ये ते वारले आणि ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. लहानपणी शाळा न मिळालेली, लग्नानंतर अक्षरे शिकलेली ही बाई. नवऱ्याच्या कवितेशी स्वतःच्या कवितेची तुलना करत बसली असती तर तिने लेखणी उचललीच नसती. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून तिने लगेच बदलला असेही झाले नाही. तिने स्वतःच्या मनाला पटायला पाच वर्षे घेतली. तिची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्यांची गणना होते.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. विसाव्या वर्षी, १८७८ मध्ये, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एवढी विद्वत्ता असलेल्या व्यक्तीला आयुष्यभर मानाच्या खुर्च्या मिळाल्या असत्या. त्यांनी केडगावला दुष्काळात सापडलेल्या मुली-बायकांसाठी मुक्ती सदन उभे केले. मूळ बायबल वाचता यावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्याचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. महत्त्वाकांक्षा याहून मोठी काय असणार? पण तिचे तोंड कोणाच्या तरी पुढे जाण्याकडे नव्हते, कोणाच्या तरी हाती काही पोहोचवण्याकडे होते.

खाली पाहणे हीही तुलनाच

वर पाहून दुःख होते, तेव्हा आपल्याकडे एक घरगुती उपाय सांगतात. “खाली बघ, आपल्यापेक्षा वाईट स्थितीतले किती आहेत.” लेबर कॅम्पमधला वेल्डर, पन्नास अंशांच्या उन्हात पाइपलाइनवर राबणारा फिटर, चार-चार वर्षे घरी न गेलेला ड्रायव्हर. हे पाहून देवाचे आभार मानावेत असे आपण मुलांनाही शिकवतो.

लूकच्या अठराव्या अध्यायात एक परुशी, म्हणजे त्या काळचा धर्मनिष्ठ प्रतिष्ठित गृहस्थ, मंदिरात नेमकी हीच प्रार्थना करतो. मी त्या जकातदारासारखा नाही म्हणून तो देवाचे आभार मानतो. आणि येशू सांगतो की देवाच्या दृष्टीने नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, हा नव्हे. दुसऱ्याच्या कष्टावर स्वतःचे समाधान उभे केले तर ते कृतज्ञतेसारखे दिसते, पण मोजपट्टी तीच रबराची असते, फक्त उलटी धरलेली. तो वेल्डर आपल्या समाधानासाठी उन्हात उभा नाही. त्याचीही पाच वाजताच्या मजुरासारखी घरी चूल आहे. त्याच्याकडे पाहून बरे वाटून घेण्यापेक्षा त्याला अडकलेल्या पगाराचा अर्ज भरून देणे, हे ख्रिस्ती विचाराला अधिक धरून आहे.

घरात काय करता येईल?

तत्त्वज्ञान पुष्कळ झाले. घरात करून पाहण्यासारख्या काही गोष्टी :

१. “पुरे” किती ते आधी ठरवा. नवरा-बायकोने बसून, परत कधी जायचे आणि त्यासाठी किती लागेल हे कागदावर लिहावे. बहुतेकांच्या इकाम्याला मुदत आहे, त्यामुळे हा प्रश्न टळणार नाही. आकडा लिहिला नसेल तर शेजाऱ्याचा आकडा आपोआप आपले लक्ष्य बनतो.

२. मुलांसमोर मार्कांची यादी वाचू नका. २०२३ मध्ये सीबीएसईने अनावश्यक स्पर्धा टाळण्यासाठी गुणवत्ता यादी आणि प्रथम-द्वितीय श्रेणी जाहीर केली नाही. मंडळाने टाळलेली यादी मग आपण व्हॉट्सॲपवर तयार करतो! मुलाला विचारावे, गेल्या वर्षीपेक्षा तुला काय जास्त समजले? संदर्भबिंदू तो स्वतः असू द्या.

३. दुसऱ्याचे चांगले झाले की त्याच दिवशी फोन करा. अभिनंदन उशिरा केले की कडू होते. सुरुवातीला जड जाते, पण सरावाने जमते. संत पौलही समाधानाबद्दल लिहिताना ते आपण शिकलो असे म्हणतो, आणि हे त्याने तुरुंगातून लिहिले आहे. म्हणजे ही उपजत देणगी नाही, शिकता येणारी गोष्ट आहे.

४. आपल्या जागी येणाऱ्याला शिकवा. आयटीत माहिती दाबून ठेवण्याची सवय फार. ज्युनिअरला सगळे सांगितले तर तो पुढे जाईल, ही भीती असते. टिळकांच्या घरात ठोमऱ्यांना जागा होती हे अशा वेळी आठवावे.

५. आठवड्यातला एक दिवस तुलनेला सुट्टी द्या. सौदीत चर्च नाही. पूर्व भागातली काही ख्रिस्ती कुटुंबे सुट्टीच्या दिवशी पंचवीस किलोमीटरचा पूल ओलांडून बहारीनला प्रार्थनेला जातात, बाकीची घरीच प्रार्थना करतात. शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचा, मूळ अर्थच हा की त्या दिवशी माणसाची किंमत त्याच्या कामावरून होत नाही. कोणत्याही धर्माच्या घराला हे करता येईल. शुक्रवारी जेवताना कंपनी, ग्रेड आणि फ्लॅट हे तीन विषय बंद.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी एक छोटा प्रसंग आहे. येशू पेत्राला त्याचे पुढचे काम आणि त्याच्या वाट्याचे कष्ट सांगतो. पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे पाहतो आणि विचारतो, मग याचे काय? येशूच्या उत्तराचा मथितार्थ असा की त्याचे काय होईल ते तुला कशाला हवे, तू तुझ्या वाटेने ये. उत्तर थोडे रोखठोक आहे, पण त्यात पेत्राची सुटकाही आहे. दुसऱ्याच्या आयुष्याचा हिशेब ठेवण्याचे काम त्याच्यावरून काढून घेतले गेले. तेवढा भार उतरला तरी इथली वर्षे पुष्कळ हलकी होतील.

असो. मंडळी, यातले जे पटेल ते घ्यावे, न पटेल त्यावर पुढच्या स्नेहसंमेलनात चहा घेता घेता जरूर वाद घालावा. कंपनी कुठली ते नंतर विचारू!